हळद लागलेला कापूस

माझे डोळे बांधलेले, डोक्यावर बारा हात लाल फेटा, आणि समोरच्या बाकांवर बाराशे गोरी माणसं श्वास रोखून बसलेली. कुणीतरी माझ्या तळहातावर कापसाचा पुंजका ठेवला. मी तो चिमटीत धरला, दोन्ही अंगठ्यांनी ताणून तोडला, तंतूची लांबी बोटाच्या पेराशी लावून पाहिली, नाकाशी नेला आणि मराठीत जाहीर केलं की हा मिसर देशातला आहे, नाईल नदीच्या काठचा, आणि ज्या बाईनं तो वेचला तिला त्या दिवशी पडसं झालेलं होतं.

शेजारी उभ्या असलेल्या हॅरॉप साहेबांनी त्याचं इंग्रजी केलं. असा हशा उठला की भिंतीवरच्या गॅसच्या दिव्यांच्या काचा किणकिणल्या.

पडशाचं मी पदरचं घातलं होतं. मिसरचं खरं होतं. माझं बोलणं पहिल्यापासून असंच आहे, रुपयात चार आणे खरं. बाकीच्या बारा आण्यांसाठीच लोक ऐकायला बसतात, त्याला मी काय करू?

ही गोष्ट विलायतेतली, मोठ्या दुष्काळानंतरच्या तिसऱ्या वर्षाची. गावाचं नाव रॅमसवर्थ. गाव कसलं, नुसती गिरण्यांची धुराडी. मी मोजायला बसलो तर एकशे चौदा भरली, मग धूर आडवा आला म्हणून नाद सोडला. तिथल्या चिमण्या इतक्या काळ्या की पहिले आठ दिवस मी त्यांना कावळ्याची पिल्लं समजत होतो आणि ही एवढीशी लेकरं आईवाचून कशी जगतात म्हणून रोज पावाचे तुकडे टाकत होतो. गावातली बाई-बाप्या सगळी कापसावर जगणारी, पण कापसाचं झाड त्यांच्यापैकी एकानंही पाहिलेलं नव्हतं. एका म्हातारीनं साहेबांमार्फत मला विचारलं, कापूस जमिनीखाली होतो की जनावराच्या अंगावर? मी सांगितलं, आमच्याकडे दोन्ही जाती आहेत, पण जनावराचा जरा महाग पडतो.

हॅरॉप साहेब मूळचे याच गावचे, एका विणकराचं सहावं पोर. एकोणिसाव्या वर्षी मुंबईला कारकून म्हणून उतरले. बंदरावरच्या वखारीत गाठींवर झोपत. त्यांच्या कापसाच्या कंपनीनं त्यांना खामगावला धाडलं तेव्हा तिथं आगगाडी पोचली नव्हती. ते बैलगाडीतून आले आणि येता येता गाडीवानाकडून मराठी शिकले. त्यामुळे त्यांची मराठी शेवटपर्यंत वऱ्हाडी गाडीवानाचीच राहिली. कलेक्टरच्या मेजवानीत एकदा त्यांनी एका तहसीलदाराला "कायले डोकं खातं बे" असं हसतमुखानं विचारलं होतं. तहसीलदार बिचारा आभार मानून मोकळा झाला.

पण माणूस मोठा. वीस वर्षांत त्यांनी कापसातली सरकी काढायचा स्वतःचा जिन काढला, गाठी बांधायचा प्रेस काढला, मुंबईत गव्हर्नरच्या कौन्सिलात खुर्ची मिळवली. भिजवून वजन वाढवलेल्या कापसाचा ढीग त्यांना घोड्यावरून जाता जाता वासावरून कळे. अर्ध्या कोसावरून कळे, असं मी सांगतो. तुम्ही पाव कोस धरा. त्यांच्यापुढं मी कधी भीतीनं कापलो नाही असंही मी सांगत असतो. ते मात्र धरू नका.

मी पंधरा वर्षं त्यांचा नमुनेवाला. म्हणजे बांधलेल्या गाठीत लोखंडी आकडा खुपसायचा, आतला कापूस ओढून बाहेर काढायचा आणि तो कसा आहे ते सांगायचं. पुंजाजी इंगळे 'चालेल' म्हणाला की गाठ मुंबईला, तिथून जहाजावर. 'नाही' म्हणाला की मालक पाया पडो की शिव्या देवो, गाठ परत.

एक दिवस साहेब म्हणाले, "पुंजा, मी पार्लमेंटात चाललो. तू संग चाल." पार्लमेंट हे मलकापूरच्या पुढं कुठंतरी असेल असं समजून मी हो म्हटलं. मुंबईत बोट दिसली तेव्हा फार उशीर झाला होता.

रॅमसवर्थला पोचल्यावर उमगलं की पार्लमेंटात जायला आधी लोकांची मतं लागतात, आणि ती मिळवायचा वस्ताद म्हणून साहेबांनी टॅटर्सल नावाचा एक काटकुळा एजंट ठेवला होता. साहेबांचं सगळं भाषण एका वाक्याभोवती फिरे: वीस वर्षं मी तुमच्यासाठी कापूस पारखून पाठवला, आता कायदे पारखून पाठवीन. आणि त्या पारखीचा पुरावा म्हणून मी, डोळे बांधून. टॅटर्सलनं मला बजावलं होतं की इंग्रजीचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही. फेटेवाला इंग्रजी बोलायला लागला की खेळातली गंमत जाते. पंधरा वर्षं कंपनीत काढलेली, मला इंग्रजी सगळं समजे. तरी मी मराठीत थापा मारायच्या आणि साहेबांनी त्यांचं इंग्रजी करायचं, असं रोज चाललं होतं. साहेब माझ्या दहा वाक्यांची दोन करत आणि तरी हशा जास्त मिळवत, याचं मला थोडं वाईटही वाटे.

मतदानाला चार दिवस राहिले होते. टॅटर्सलनं गल्लोगल्ली फिरून अंदाज काढला होता की साहेब निवडून येतात, पण केसाच्या अंतरानं.

तर मिसरच्या कापसाचा हशा ओसरत होता, मी डोळ्यांवरची पट्टी सोडत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरून एक बाई उठली आणि मधल्या वाटेनं पुढं आली. पन्नाशीची, डोक्यावरून काळी शाल, पायात लाकडी तळाचे जोडे. ते टाक टाक वाजत होते आणि प्रत्येक पावलासरशी सभा जास्त गप्प होत होती. तिच्याकडं लोक ज्या तऱ्हेनं पाहत होते ती तऱ्हा मला ओळखीची होती. वाळीत टाकलेल्या माणसाकडं आमच्याकडं असंच पाहतात.

"तू मेरी हॅरॉपचा धाकटा ना?" ती साहेबांना म्हणाली. "तुझी आई आणि माझी आई एका ओळीत मागावर होत्या. मी एस्थर क्लेग."

साहेबांनी मान झुकवली.

तिनं सांगितलं ते थोडक्यात असं. दीड वर्षामागं खालच्या गिरणीत, जिथं दातेरी यंत्रावर गाठींतला कापूस मोकळा करतात त्या खोलीत, आग लागली. तीन माणसं गेली. त्यात तिचा नवरा विल. गिरणीनं जाहीर केलं की विल क्लेगनं चोरून पाइप ओढला आणि त्याची ठिणगी पडली. तेव्हापासून बाकीच्या दोघांच्या विधवा तिला पाहून रस्ता बदलत. देवळात तिच्या बाकावर कुणी बसत नसे. विलनं जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता, पण हे सांगणारी त्याची बायको; तिचं कोण ऐकणार?

"त्या दिवशी न्याहारीला घरी आला तेव्हा म्हणाला होता की या गाठींत खडे आहेत, दात्यांवर ठिणग्या उडतात, मी मुकादमाला दाखवणार आहे." तिनं शालीतून एक घडी केलेला रुमाल काढला. "त्याचं जाकीट बाहेर खुंटीला होतं म्हणून राहिलं. खिशात हे सापडलं. गाठी कुणाच्या होत्या ते गिरणी सांगत नाही. आणि खडे कुठल्याच मालात नव्हते, असं सगळे व्यापारी सांगतात."

रुमालात एक काळा गुळगुळीत खडा होता आणि मूठभर कापूस.

"तुझा हा माणूस डोळे बांधून सांगतो म्हणे," ती म्हणाली. "आता त्यानं डोळे उघडे ठेवून सांगावं."

टॅटर्सल साहेबांच्या कानाशी लागला. मला सगळं ऐकू येत होतं. ही समोरच्यांनी पाठवलेली आहे, तो म्हणाला, माणूस दमलाय म्हणून सांगा, दिवे कमी आहेत म्हणून सांगा, काहीही सांगा. साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं सुद्धा नाही.

"पुंजा," ते मला म्हणाले, "पाह्य."

मी खडा एका हातात घेतला आणि दुसऱ्यानं पुंजका उचलला. आखूड तंतू, किंचित मळकट, काळ्या मातीत वाढलेला. वऱ्हाडचा, हे तर हात लावायच्या आधीच दिसलं होतं. मग मी तो उलटा केला आणि त्याच्या पोटात पिवळा डाग दिसला.

"तो डाग कसला ते कुणाला कळत नाही," एस्थर म्हणाली. "थोडा साबणानं धुवायला घेतला तर लालभडक झाला. मला वाटलं, विलचं रक्त. डॉक्टर म्हणाला रक्त नव्हे."

पिवळ्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आमच्याकडं घरातल्या पोरीलाही ठाऊक असतं. अख्ख्या विलायतेत त्या वेळी ते फक्त दोन माणसांना ठाऊक असावं, आणि ती दोघं त्याच व्यासपीठावर उभी होती.

ती हळद होती. आणि कापसाला हळद मी आयुष्यात एकदाच पाहिली होती.

खामगावापासून चार कोसांवर माणकोजी बोदडे नावाचा जिनवाला होता. माणूस सरळ. दोन वर्षांमागच्या माघात त्याच्या लेकीचं लग्न जिनाच्या आवारातच झालं. मांडवाखाली चिखल नको म्हणून त्यानं नदीची खडी आणून पसरली होती. हळद लागल्यावर नवरी उठली, कापसाच्या ढिगापाशी गेली आणि बापाची भरभराट होवो म्हणून तिनं ढिगावर पाचही बोटं उमटवली. मग काय, आलेल्या सगळ्या बायकांनी उमटवली. ढीग एका अंगानं पिवळाधमक झाला. साहेब आणि मी हळदीलाही होतो आणि पाच दिवसांनी शेवटच्या पंगतीलाही. साहेब मांडी घालून बसले आणि चार पुरणपोळ्या खाल्ल्या. मी सात. या सात खऱ्या आहेत.

तोवर त्याच ढिगाच्या दोनशे गाठी बांधून तयार झाल्या होत्या आणि त्याच संध्याकाळी त्या मालगाडीत चढायच्या होत्या. आता आम्हा नमुनेवाल्यांची एक रीत आहे, कुठं लिहिलेली नाही. ज्याचं अन्न पोटात आहे त्याच्या गाठीत त्या दिवशी आकडा घालायचा नाही. जेवून उठायचं आणि यजमानाच्या मालात लोखंड खुपसायचं, म्हणजे त्याला पंगतीतच चोर म्हणण्यासारखं. दुसऱ्या दिवशी घालावा. पण गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणार नव्हती. मी गाठींवरून नुसता हात फिरवला आणि 'चालेल' म्हणालो. ढीग गोळा करताना मांडवाची खडी आत गेली असेल, हे त्या वेळी माझ्या मनात आलंसुद्धा नाही. पोट भरलेलं होतं.

त्या हातात आता तो खडा होता.

मी विचार केला असं म्हणणार नाही. मी खोटं बोलायला कधी विचार करत नाही. एवढं मात्र दिसत होतं की मी खरं बोललो तर साहेबांचं ते एक वाक्य, ज्यावर त्यांनी इथवर मजल मारली होती, ते बाराशे लोकांसमोर मातीत जातं. आणि तीन माणसं माझ्या सात पुरणपोळ्यांनी मेली, हे मला मोठ्यानं म्हणावं लागतं. मी छाती पुढं काढली.

"साहेब," मी मराठीत म्हणालो, "हा माल आपला नाही. वऱ्हाडाचाच नाही. हा मद्रासकडचा, तिकडं नदीत खडे असेच असतात. आणि तो डाग गाठीच्या लोखंडी पट्टीच्या गंजाचा. गंज साबणानं लाल होतोच."

फार चांगली थाप होती. नदीसकट.

साहेब माझ्याकडं पाहत राहिले. मग एस्थरकडं वळले आणि इंग्रजीत, सावकाश, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "तो म्हणतो, हा माल आमचा आहे."

मला वाटलं माझ्याच कानांत गिरणी सुरू झाली.

"तो म्हणतो, ही हळद आहे. त्याच्या मुलखात नवरीच्या अंगाला लावतात. एका लग्नात ती कापसाच्या ढिगाला लागली, आणि मांडवातली खडी त्याच ढिगात मिसळली. तो म्हणतो, त्या गाठी मी न तपासता पाठवल्या, कारण मी त्या घरी जेवलो होतो, आणि जेवलेल्या घरचा माल तपासणं आमच्यात वाईट दिसतं."

यातला एक शब्द मी बोललो नव्हतो, आणि एक शब्द खोटा नव्हता. मी त्यांच्या बाहीला हात घातला. त्यांनी तो काढला नाही.

"आणि तो म्हणतो," साहेब म्हणाले, "की माझ्या साहेबानं गाठी गाडीत चढताना पाहिल्या. गाठींवरच्या तागाच्या गोणपाटाला आकड्याचं एकही भोक नव्हतं. साहेबाला ते दिसलं. गाडी चुकेल म्हणून साहेब गप्प बसला."

हे मला माहीत नव्हतं. बाराशे लोकांबरोबर, त्याच क्षणी, माझ्याच तोंडचं म्हणून मी ते पहिल्यांदा ऐकलं.

मग साहेब व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून तिच्यासमोर गेले. "हे आता मी सांगतो, एस्थर. विलनं पाइप ओढला नाही."

मी वाघाच्या डोळ्यात डोळा घालून पाहिलेलं आहे, निदान तसं सांगितलेलं आहे. पण त्या सभागृहात जी शांतता झाली तशी मी कधी ऐकलेली नाही. एस्थर रडली नाही. तिनं हात वर करून माझ्याकडून खडा घेतला, परत रुमालात ठेवला आणि घडी घातली. तेवढ्यात डावीकडच्या बाकांतून एक तरणी बाई उठली, माणसांच्या गुडघ्यांवरून वाट काढत आली आणि एस्थरच्या दंडाला धरून उभी राहिली. आगीत गेलेल्या दुसऱ्या माणसाची ती बायको. दोघींचे लाकडी जोडे एकदमच वाजत दाराकडं गेले, आणि वाटेतल्या पुरुषांनी टोप्या काढल्या.

त्यानंतर मात्र गलका झाला. कुणी बाकावर चढलं, कुणी साहेबांच्या आईचं नाव घेऊन थू म्हणालं, निम्मी सभा उठून गेली. टॅटर्सल खुर्चीत बसून आपली हॅट डोक्यावर घालत होता, काढत होता.

मुक्कामावर आम्ही चालत गेलो. भुरभुर पाऊस होता. मी म्हणालो, "साहेब, मी तसं बोललो नव्हतो."

"मले मालूम हाये."

"मग?"

"तुह्या तोंडावर मी कधी भरवसा ठेवला, पुंजा? पंधरा वर्षं तुह्या बोटायवर धंदा केला." ते थांबले आणि त्यांनी स्वतःचा अंगठा दाखवला. "तू कापूस उलटा केला, अन् तो पिवळा डाग अंगठ्याखाली झाकला. परक्या मालाचा डाग कोणी झाकते का बे?"

मी म्हणालो, माझ्या बोटांचं ठीक आहे. पण ते गाठींच्या भोकांचं, तुमचं स्वतःचं, ते माझ्या तोंडी कशाला घातलं? तेवढं गिळलं असतं तरी त्या बाईचं काम झालं असतं.

साहेब पुष्कळ चालले आणि मग म्हणाले, "दोन वर्षं झाली. माह्या तोंडानं ते निघत नव्हतं. तुह्या तोंडानं निघालं."

एकाहत्तर मतांनी साहेब पडले. सहा वर्षांनी ते दुसऱ्या कुठल्याशा गावातून निवडून आले, पार्लमेंटात बसले, आणि गिरणी-कामगारांसाठी तिथं दोन-दोन तास बोलत, असं मुंबईच्या कचेरीतले लोक सांगतात. मी तिथं नव्हतो. मी नसतो तिथलं मी फारच रंगवून सांगतो, म्हणून ते सोडतो.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब मला स्टेशनवर पोचवायला आले. माझी गाडी बंदराकडं जायची होती, तिथून बोट. पिशवीत त्यांनी स्वतःच्या हातानं लोकरीचे दोन सदरे कोंबले. टॅटर्सल आला नव्हता. कुणीच आलं नव्हतं. पडलेल्या माणसाला निरोप द्यायला विलायतेतही गर्दी होत नाही. ते फार थकलेले दिसले आणि मला त्यांच्यासाठी काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं, खरं चांगलं, पदरचं नव्हे. गाडी हलायला लागली तेव्हा खिडकीतून वाकून मी म्हणालो, जाऊ द्या साहेब, निदान त्या एस्थरबाईनं तरी आपलं मत तुम्हालाच टाकलं असेल.

साहेब गाडीबरोबर दोन पावलं चालले.

"बायकायले मत नसते, पुंजा," ते म्हणाले. "तुले मालूम नव्हतं?"

मला मालूम नव्हतं. त्यांना होतं.